मैफल संपल्यावर सूर कुणाचे?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९६५ साली पाच तरुणांनी एक रॉक बँड काढला. थोड्याच महिन्यांत त्याचे नाव ‘ग्रेटफुल डेड’ असे पडले. रॉक म्हणजे केस वाढवलेल्या पोरांचा गोंगाट, अशी आपल्याकडच्या बैठकीच्या रसिकांची समजूत आहे, आणि सगळ्याच रॉकबद्दल ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पण या बँडची एक गोष्ट आपल्या गाण्याच्या फार जवळची होती. ठरवून, घोटून बसवलेला कार्यक्रम ते सादर करीत नसत. आज काय वाजवायचे हे पुष्कळदा मंचावर गेल्यावरच ठरे. त्यांच्या ‘डार्क स्टार’ या गाण्याची १९६८ साली निघालेली ध्वनिमुद्रिका तीन मिनिटांचीही नाही. मंचावर तेच गाणे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मिनिटे चाले, आणि कालचे आज पुन्हा तसे होत नसे. जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेला राग आणि पहाटेपर्यंत रंगलेली मैफल यांत जे अंतर, तेच हे अंतर.

म्हणूनच त्यांच्या श्रोत्यांना तबकड्यांत फारसा रस नव्हता. त्यांना हवी होती ती त्या-त्या रात्रीची मैफल. गिटारवादक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी वारला आणि बँड थांबला. तोवर तीस वर्षांत सुमारे २३०० कार्यक्रम झाले होते. त्यांतले बहुतेक आज ऐकायला मिळतात, आणि ते जपण्यात ध्वनिमुद्रण कंपनीचा वाटा थोडा आहे. काही बँडच्याच ध्वनितंत्रज्ञांनी मुद्रित करून ठेवले, आणि उरलेले श्रोत्यांनी. कुणी कोटाच्या खिशात यंत्र लपवून आणले, कुणी पुढे उघडपणे उंच दांड्यावर ध्वनिग्राहक लावून सगळा कार्यक्रम टिपला, घरी नेला, त्याच्या प्रती केल्या आणि ओळखी-अनोळखी माणसांना वाटल्या.

हे वाटप बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न अमेरिकेतला वाटेल, पण सीमाभागातल्या ज्या घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात अजून स्पूल आणि कॅसेटी पडून आहेत, त्या घरांना तो परका नाही.

मी १९८७ ते १९८९ अशी दोन वर्षे विस्कॉन्सिन राज्यात शिकायला होतो. १९८९च्या जुलैत तिथल्या अल्पाइन व्हॅलीच्या उघड्या नाट्यगृहात या बँडचे तीन दिवस कार्यक्रम होते. खोलीतल्या सोबत्याने त्यांतल्या एका दिवशी मला ओढून नेले. गाणे मला त्या दिवशी निम्मेही कळले नाही. मी पाहत राहिलो ती ध्वनिनियंत्रकाच्या टेबलामागची जागा. तिथे दांड्यांचे जंगल उभे होते. प्रत्येक दांड्याखाली एक माणूस मांडी घालून, कानाला यंत्र लावून, कॅसेट कधी उलटायची याच्या चिंतेत बसलेला. आजूबाजूला हजारो माणसे नाचत-ओरडत होती आणि या एवढ्या चौकोनात देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता. कुणी जवळ येऊन बोलू लागले की पाचसहा बोटे एकदम ओठांवर जात. टाळ्यासुद्धा ही मंडळी हात दूर नेऊन, हळूच वाजवीत.

या टेपवाल्यांना ही जागा कशी मिळाली, त्याचीही हकिगत आहे. आधी ती कुठेही उभी राहत. आवाज सर्वांत चांगला येतो तो नियंत्रकाच्या टेबलापुढे, म्हणून सगळ्यांची गर्दी तिथेच. त्यांच्या दांड्यांमुळे खुद्द नियंत्रकाला मंच दिसेना आणि पैसे देऊन आलेल्या बाकीच्यांची भांडणे होऊ लागली. एखाद्या दुसऱ्या बँडने सरळ बंदी घातली असती. यांनी २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कलीच्या कार्यक्रमात टेपवाल्यांसाठी वेगळा भाग राखला आणि पुढे त्यांच्यासाठी तिकिटेही वेगळी काढली. आमचे वाजवून झाले की ते श्रोत्यांनी न्यावे, अशा अर्थाचे गार्सियाचे म्हणणे असे. अट एकच होती, विकायचे नाही.

ही एक अट पाळताना पुढे पुष्कळ रीती निघाल्या. एका कार्यक्रमाला नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी लागत. तुमच्याकडे एक कार्यक्रम आणि माझ्याकडे दुसरा असला तर अदलाबदल. ज्याच्याकडे काहीच नाही त्या नवख्याने दोन कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपालहशील पाठवायचे. बाकी काही घेणे हलकेपणाचे समजत. घेणाऱ्याने पुढे दुसऱ्या नवख्याला तसेच द्यायचे. वेष्टनावर तारीख, गाव, गाण्यांचा क्रम आणि ही कितवी प्रत आहे ते लिहायचे. ही शेवटची नोंद महत्त्वाची. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी सरसर वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. मूळ फितीवरून केलेली पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. सहाव्या-सातव्या पिढीची कॅसेट म्हणजे पावसाळ्यात पत्र्याखाली बसून गाणे ऐकल्यासारखे. म्हणून कुणाकडून आले हे खरे सांगावे लागे. आपल्याकडे बंदिश कुणाकडून घेतली ते सांगतात, तसेच.

शिवाय प्रत करायला पूर्ण वेळ लागे. तीन तासांचा कार्यक्रम उतरवायचा तर तीन तास यंत्राजवळ बसायचे, बाजू उलटायची, मधेच फीत अडकली तर पुन्हा पहिल्यापासून. अनोळखी माणसासाठी कुणी आपली संध्याकाळ देत होते. आज बोटाच्या एका दाबाने शंभर मैफली इकडून तिकडे जातात आणि मूळ व प्रत यांत काडीचा फरक राहत नाही. सोय मोठी झाली. पण त्या संध्याकाळीबरोबर जे ऋण चढायचे ते आता कुणावर चढत नाही, आणि ज्याचे ऋण नाही त्याची जपणूकही माणूस तेवढी करीत नाही, असे माझे निरीक्षण आहे. असो.

आता मूळ प्रश्नाकडे. कलावंताने एकदा सभेत सोडलेला सूर कुणाचा?

एक सरळ उत्तर असे की तो कलावंताचा. त्याने आयुष्य घालून तो मिळवला. तुम्ही तिकीट काढले ते बसून ऐकण्याचे, घरी नेण्याचे नव्हे. हे उत्तर हलके नाही. १९६९ साली अमेरिकेत बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची एक तबकडी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, कंपनीचे नावही न छापता विकली गेली. रॉकमधल्या चोरट्या तबकड्यांच्या धंद्याची सुरुवात तिच्यापासून मानतात. ज्याने गाणी रचली त्याला छदाम मिळाला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे, लोकांपुढे काय न्यायचे आणि काय घरात ठेवायचे हे ठरवण्याचा त्याचा अधिकार गेला. लेड झेपेलिनसारख्या बँडने चोरून मुद्रण करणाऱ्यांशी वैरच धरले. तरी लोक करीतच होते. लॉस एंजेलिसचा एक गृहस्थ धडधाकट असून चाकांच्या खुर्चीत बसून कार्यक्रमाला जाई आणि खुर्चीत मोठे यंत्र लपवी. त्याने १९७०च्या दशकात टिपलेल्या मैफली आजही श्रोत्यांच्या मुद्रणांत अव्वल समजल्या जातात. आपल्या फिती कुणी विकू नयेत म्हणून देताना तो त्यांत ओळखीच्या खुणा ठेवी, असेही सांगतात. अपंगाचे सोंग घेऊन आत शिरणारा माणूस विक्रीच्या बाबतीत इतका सोवळा! माणसाची नीती अशी ठिगळाठिगळांची असते.

दुसरे उत्तर असे की सूर हवेत गेला की तो सर्वांचा. ऐकणाऱ्याच्या कानाने तो नेला, स्मरणात ठेवला. यंत्राने ठेवला म्हणून काय बिघडले? हे ऐकायला उदात्त वाटते, पण याच उत्तराचा आधार पांढऱ्या वेष्टनाच्या तबकड्या विकणाराही घेऊ शकतो. सर्वांचे म्हटलेले पुष्कळदा पहिल्या उचलणाऱ्याचे होते. गावाच्या गायरानाचे काय होते ते आपण पाहतोच.

तिसरे उत्तर व्यवहारी माणसे देतात. ग्रेटफुल डेडने टेपा वाटू दिल्या म्हणून त्यांचे नाव गावोगाव झाले, लोक तिकिटे काढून आले, तबकड्या फारशा न खपताही बँड भरभराटीला आला; तेव्हा फुकट देणे हाच उत्तम धंदा. घडले ते असेच. १९८७ साली त्यांचे पहिले आणि एकमेव गाणे अमेरिकेतल्या पहिल्या दहांत गेले. लोकांची रीघ त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण या युक्तिवादाने माझे समाधान होत नाही. फायदा झाला म्हणून बरोबर, तर तोटा झाला असता म्हणजे चूक ठरले असते काय? दार उघडे ठेवले तेव्हा पुढे काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हते. दानाचा हिशेब नंतरच्या जमेवरून करू नये.

मला स्वतःला या कोड्यात आपल्याच बोलीतला एक शब्द उपयोगी पडला. तो म्हणजे ठेव. पूर्वी यात्रेला निघालेला माणूस दागिन्यांचे गाठोडे शेजाऱ्याकडे ठेवी. शेजारी मालक होत नसे, पण रखवालीची जबाबदारी त्याची. त्याने ते विकायचे नाही, हरवायचे नाही, मोडून दुसरे काही करायचे नाही, आणि मागायला येईल त्याला नाकारायचे नाही. टेपवाल्यांच्या रीती पाहा: विकू नका, जपा, कापाकापी करू नका, मागणाऱ्याला द्या. त्यांना हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही, पण वागणे ठेव सांभाळणाऱ्याचेच आहे. फरक इतकाच की या ठेवीच्या प्रती होतात, त्यामुळे देऊनही ती घरातच राहते.

ठेव म्हटली की अट आली, आणि अट कुणी घातली हे पाहणे आले. २००५च्या नोव्हेंबरमध्ये याचाच वाद पेटला. इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या विनामूल्य ग्रंथसंग्रहालयात या बँडचे हजारो कार्यक्रम लोकांनी जमा केले होते आणि कुणीही ते उतरवून घेत असे. बँडच्या बाजूने एकाएकी ते थांबवण्यात आले. श्रोते खवळले. वीस-तीस वर्षे आम्ही जपले, आम्ही वाटले, आता तुम्ही मालक म्हणून दार लावता? बँडमधल्या सर्वांचेही एकमत नव्हते. काही दिवसांतच तडजोड झाली. श्रोत्यांनी आपल्या ध्वनिग्राहकांनी टिपलेले कार्यक्रम पुन्हा उतरवून घेता येऊ लागले. बँडच्या नियंत्रण-टेबलावरून थेट घेतलेले मात्र तिथेच बसून ऐकायचे, घरी न्यायचे नाहीत.

पुष्कळांनी ही धंदेवाईक तडजोड म्हणून तिची निंदा केली. मला ती न्याय्य वाटते. श्रोत्याने परवानगीने, आपल्या यंत्राने, आपल्या जागेवरून जे ऐकले ते त्याच्याकडे ठेव म्हणून आले. टेबलावरच्या तारेतून जे गेले ते बँडने स्वतःच्या घरात ठेवले होते. ते एखाद्या नोकराच्या मेहेरबानीने किंवा ओळखीने बाहेर आले, म्हणून त्याची अट बदलत नाही. आणि तरीही इथे एक अडचण आहे, तीही सांगितली पाहिजे.

बेटी कँटर-जॅक्सन ही बँडची ध्वनिमुद्रक बाई. तिने ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये टेबलावरून घेतलेली फीत या बँडच्या चाहत्यांत सर्वांत नावाजलेली. पुढे तिचे सामान भाड्याच्या कोठीत पडले, भाडे थकले, आणि १९८६ साली कोठीतल्या वस्तूंचा लिलाव झाला. चाहत्यांनी पेटारे विकत घेतले. फितीचे प्लास्टिक त्यांनी विकत घेतले. त्यावरचे संगीत विकत घेतले असे कुठलाच कायदा म्हणणार नाही. पण त्या प्रती झाल्या, पसरल्या, आणि ती मैफल इतकी ऐकली गेली की २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिचा समावेश केला. मूळ फिती फिरत फिरत बँडच्या संग्रहात परतल्या आणि २०१७ साली ती रीतसर प्रसिद्ध झाली. लिलावात दुसऱ्याच कुणी बोली लावली असती तर? कोऱ्या फिती म्हणून पुसून वापरल्या असत्या तर? ज्यांचा अधिकार नव्हता त्यांनी जपले, म्हणून ज्यांचा अधिकार होता त्यांना परत मिळाले. ठेवीच्या न्यायात हे बसवायला मला कष्ट पडतात. मी ते बसवण्याचा आग्रहही धरत नाही.

आपल्याकडे काय झाले, ते पाहू. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली वारले; त्यांचा आवाज आज एकाही ध्वनिमुद्रिकेवर नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. ज्यांनी त्यांना ऐकले त्यांच्याबरोबर ते गाणे गेले, आणि आपण आठवणींच्या पुस्तकांतून त्याचा वास घेतो. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई मुद्रणाच्या बाबतीत कमालीच्या सावध होत्या. आपली गायकी कुणी ऐरागैऱ्याने उचलू नये, हा त्यांचा अट्टहास होता. नशिबाचा खेळ असा की ज्या १९७७ साली त्या वारल्या त्याच साली त्यांची एक भैरवी व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर चढून आकाशात गेली, आणि त्यांतले एक यान २०१२ पासून सूर्यमालेच्या वेशीबाहेर आहे. घराबाहेर न जाऊ दिलेले गाणे कुठवर गेले बघा.

पुढे स्पूलची यंत्रे आली आणि आपल्या भागातल्या हौशी मंडळींनी खाजगी बैठका टिपायला सुरुवात केली. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, मिरज असा हा पट्टा. अमेरिकेतल्या टेपवाल्यांची इथे कुणाला गंधवार्ता नव्हती, तरी रीती बऱ्याच तशाच पडल्या. कोरी कॅसेट द्या, दोन दिवसांनी या. मजकडे मल्लिकार्जुन मन्सूरांची एक कॅसेट आहे. तिच्या एका बाजूला रागाचे नाव कानडीत आहे, दुसऱ्या बाजूला निराळ्या हाताने देवनागरीत. एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला वचने. कुमार गंधर्व जन्मले आपल्या सुळेभावीत, गायले देवासहून. भीमसेन जोशी गदगचे. ही माणसे कुणाची यावर आपल्याकडे सभा गाजतात. टेपांच्या अदलाबदलीत हा वाद मी कधी ऐकला नाही.

पण एक फरक होता. तिकडच्या बँडने होय म्हटले होते. इकडे बहुतेकदा कुणी विचारलेच नाही. बुवा गात असत, कोपऱ्यात यंत्र फिरत असे, बुवांनी पाहून न पाहिल्यासारखे केले म्हणजे परवानगी. आणि काही ठिकाणी स्पष्ट नाही असूनही फिती जन्मल्या. आपल्या कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला तोच मुळी १९९४च्या दुरुस्तीने. त्यातही स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हक्कभंगात धरलेले नाही. म्हणजे टिपणारा बहुधा सुटतो. त्याच्या मरणानंतर ते कपाट ज्याच्या वाट्याला येते त्याने काय करावे, हे कायदा त्याच्या मनावर सोडतो.

तसे एक कपाट माझ्या वाट्याला आले आहे. शहापुरातले आमचे शेजारी, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, २००३ साली वारले. मुले परदेशी. स्पूल रद्दीत जाऊ नयेत म्हणून वहिनींनी ते माझ्याकडे पाठवले. एकूण एकतीस. त्यांत १९६८ सालची अप्पांच्याच माडीवरची एक बैठक आहे. गवयाचे नाव मी देत नाही. आपल्यापैकी जुन्यांना ते माहीत असेल. धारवाडकडचे, घरची भाषा कानडी, फार थोडे मुद्रित झालेले, आणि आता हयात नाहीत. वेष्टनावर अप्पांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘बुवा म्हणाले, तुमच्यापुरतं ठेवा, बाहेर नको.’

दर पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा फितीवर बुरशी चढवते, आणि काही फितींचे खवले तर नुसते चालवले तरी निघून येतात. तेव्हा निर्णय पुढे ढकलणे हाही निर्णयच ठरतो. मी एका जाणत्या माणसाकडून त्या साफ करून संगणकावर उतरवून घेतल्या. ऐकताना कळले की बैठकीच्या मध्यावर बुवांनी एक जोड राग घेतला आहे आणि एका ठिकाणी ते अडले आहेत. दोन रागांच्या सांध्यावर स्वर निसटला. ते थांबले, स्वतःलाच कानडीत काहीतरी बोलले, पुन्हा मागून आले, पुन्हा अडले, आणि तिसऱ्या खेपेला वाट सापडली. सगळे मिळून सात-आठ मिनिटे. त्या मिनिटांत गवई विचार करताना ऐकू येतो. असे काही मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

ग्रेटफुल डेडच्या मंडळींत असा तुकडा हातोहात गेला असता. त्यांचे शब्द विसरलेले, स्वर चुकलेले, गार्सियाच्या शेवटच्या वर्षांतले थकलेले कार्यक्रमसुद्धा लोक तितक्याच मायेने जपतात. पण त्यांनी होय म्हटले तेव्हा आपल्या वाईट रात्रीही त्यात दिल्या होत्या, आणि हे मला त्यांच्या औदार्यातले सर्वांत मोठे देणे वाटते. पैसे सोडणे त्यामानाने सोपे. बुवांनी ते दिले नव्हते.

त्या बँडच्या नावाची एक जुनी लोककथा आहे. युरोपात ती अनेक रूपांत सांगतात. वाटसरूला एका गावात एक प्रेत बेवारस पडलेले दिसते. मेलेल्याचे देणे राहिले म्हणून कुणी पुरू देत नाही. वाटसरू जवळचे पैसे देऊन त्याला मूठमाती देतो. पुढे त्याच्या अडचणीत एक अनोळखी सोबती मदतीला येतो. तो त्या मृताचाच आत्मा असतो. गार्सियाला हे नाव शब्दकोश चाळताना सापडले होते म्हणे. मेलेल्या माणसाचे आपल्याकडे काही देणे लागते, ही कल्पना तिकडच्या शब्दकोशात निघाली आणि आपल्याकडे ती दर भाद्रपदात घरोघर निघते. बुवांचे माझ्याकडे काय देणे आहे? त्यांचा शब्द पाळणे, की त्यांचे गाणे वाचवणे?

मी निम्मा मार्ग काढला. ठेव मालकाच्या घरी न्यावी म्हणून प्रत घेऊन बुवांच्या मुलीकडे गेलो. बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. सगळी बैठक त्यांनी एका बसणीत ऐकली, मधे पाणीसुद्धा घेतले नाही. संपल्यावर म्हणाल्या, बाकीचे द्या हवे त्याला, अप्पांजींचा आवाज लोकांनी ऐकू द्या. आणि त्या जोड रागाबद्दल कानडीत एवढेच म्हणाल्या: ‘अदोंदु ब्याड री.’ ते एक नको. कारण मी विचारले नाही. बाप अडखळलेला ऐकणे मुलीला काय होते, ते मला विचारावेसे वाटले नाही.

त्याप्रमाणे चालले आहे. बाकीची बैठक मी मागेल त्याला देतो, पैसे घेत नाही, आणि ती कुठून आली ते कागदावर लिहून देतो. धारवाडचा एक विद्यार्थी, त्याच घराण्याचे शिकणारा, तेवढ्या सात-आठ मिनिटांसाठी तीन वर्षे माझ्याकडे येतो आहे. तो म्हणतो, “सर, तो राग तसा गाणारं आता कुणी नाही. बुवा कुठं चुकले तेच मला शिकायचंय. तुम्ही एका माणसाची लाज राखता, आणि राग मरतो.” त्याचे चुकते असे मला म्हणवत नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत अशी एखादी फीत कुणी शब्द पाळून जाळली असे कळले तर मीही हळहळेन, आणि बहुधा त्या माणसाला शिव्याही देईन. तरी बाईंनी नको म्हटले आहे, त्या हयात आहेत, आणि त्यांना न सांगता ते मिनिट दाराबाहेर जाणे मला जमत नाही. ऐकवायला माझी हरकत नसते. तो दोनदा माझ्या माडीवर बसून ऐकून गेला आहे. वही घेऊन आला होता, पण यंत्र खालीच ठेवून आला, मी न सांगता.

यंदा पाऊस उघडल्यावर मी तो स्पूल काढून एकदा पूर्ण फिरवून घेतला आणि कोरडा करून पुन्हा डब्यात ठेवला. दिवाळीनंतर तो मुलगा यायचा आहे. या वेळी त्याला इथे न बसवता बाईंकडेच घेऊन जावे असा विचार आहे. त्यांच्यासमोर बुवांची एखादी बंदिश म्हणून दाखव आणि मग काय मागायचे ते तूच माग, असे मी त्याला कळवले आहे. बाईंना आता कमी ऐकू येते, तेव्हा जवळ बसून म्हणावे लागेल, हेही लिहिले आहे.